गॅरंटी-वॉरंटी: हा जोडशब्द आहे की दोन वेगळे शब्द?

पाटावरची_शेवई

मंडळी, प्रश्न मिक्सरवरून सुचला आहे, पण मिक्सर कोणता घ्यावा हा सल्ला नकोय. त्यासाठी वेगळा धागा आहे. तिथे दीडशे प्रतिसाद झालेत आणि अजून कुणाचंही काही ठरलेलं नाही.

तर पाडव्याला मिक्सर घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, निर्धास्त राहा, दोन वर्षं गॅरंटी-वॉरंटी सगळं आहे." मला ते चहापाणी, भाजीपाला असलं काहीतरी वाटलं. एका शब्दात भागतं, पण दोन म्हटले की घर भरल्यासारखं वाटतं. जूनमध्ये इडलीचं वाटताना मोटारीतून धूर आला. त्यांनी दुरुस्त करून दिला. ऑगस्टमध्ये पुन्हा धूर, पुन्हा दुरुस्ती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा मी म्हटलं आता बदलूनच द्या. यावर उत्तर काय, तर "ताई, गॅरंटी असती तर बदलून दिला असता. कार्डावर वॉरंटी लिहिलंय. वॉरंटी म्हणजे फक्त दुरुस्ती."

मग पाडव्याला काय म्हणाला होतात, असं विचारल्यावर तो हसला. "ते आपलं बोलायची पद्धत असते हो."

इंग्रजीत खरोखर असा फरक आहे का? की हा दुकानात जन्मलेला फरक आहे? आणि अशा आणखी जोड्या आठवत असतील तर सांगा, ज्या आपण एका दमात म्हणून टाकतो आणि मग कुठेतरी अडकतो. अफेक्ट-इफेक्ट वगैरे शाळेतल्या जोड्या नकोत. खिशाला चाट बसलेल्या सांगा.

अर्धा_चहा

दुकानदार बरोबर आहे. गॅरंटी म्हणजे बदलून, वॉरंटी म्हणजे दुरुस्ती. आमच्या तुळशीबागेत लहान पोरालाही ठाऊक आहे.

सांडगी_मिरची

तुळशीबागेत ठाऊक असून उपयोग काय? तिथे दोन्ही मिळत नाहीत.

टेकडीवरचा

मला कळलेला फरक असा: गॅरंटी तोंडी, वॉरंटी कागदी. तोंडी असते ती दुकानाच्या पायरीपर्यंत टिकते, कागदी असते ती पावती हरवेपर्यंत.

बिनसाखरेचा

लग्नाला मात्र ना गॅरंटी ना वॉरंटी. (हलकेच घ्या)

सांडगी_मिरची

@बिनसाखरेचा दहाव्या प्रतिसादापर्यंत तरी थांबाल असं वाटलं होतं.

काळा_कोट

ताई, मी वकिली करतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

'बदलून की दुरुस्ती' हा फरक आपल्या कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. तो बाजाराने केला आणि बाजारातच चालतो. कायद्यात वॉरंटीची जोडी गॅरंटीशी लावलेलीच नाही, ती लावली आहे 'कंडिशन'शी. मालविक्री कायदा, १९३०, कलम १२ बघा. कराराच्या मुळाशी असलेली अट ती कंडिशन. ती मोडली तर माल नाकारून करार मोडता येतो. वॉरंटी ही कराराच्या कडेची अट. ती मोडली तर नुकसानभरपाई मागा, पण माल परत घ्या म्हणता येत नाही. बाजाराच्या भाषेत सांगतो. नांगराला जुंपायला हवा असं स्पष्ट सांगून बैल घेतला आणि तो जुवाखाली मानच देईना, तर कंडिशन मोडली. बैल चालतो झकास, पण सांगितल्यापेक्षा वर्षाने थोराड निघाला, तर बहुधा वॉरंटी मोडली. 'बहुधा' म्हणतोय, कारण सौद्यात दोघांच्या लेखी कशाला किती महत्त्व होतं त्यावर ते ठरतं. आणि एकदा माल स्वीकारला, की कंडिशन मोडली तरी साधारणपणे तिला वॉरंटीइतकाच भाव उरतो. म्हणून जुन्या कायद्याने मिक्सर परत करणं सोपं नाही.

आता गॅरंटी. करार कायदा, १८७२, कलम १२६. त्यात तीन माणसं लागतात: पैसे देणं असलेला, घेणं असलेला, आणि 'याने नाही दिले तर मी देईन' म्हणणारा. म्हणजे जामीनदार. बँक गॅरंटी ती हीच. दुकानदार आपल्याच मालाची गॅरंटी देतो तेव्हा तिसरा माणूस कुठे असतो, ते मला अजून सापडलेलं नाही.

पण तुमच्या कामाचं पुढे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ३९. मालात दोष आहे असं जिल्हा ग्राहक आयोगाला पटलं तर तो दोष काढून द्यायला, माल बदलून द्यायला किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो. कार्डावर गॅरंटी छापलंय की वॉरंटी, यावर ते अडत नाही. तीन दुरुस्त्यांच्या नोंदी जपून ठेवा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, तेवढ्यानेही पुष्कळदा काम होतं.

पाटावरची_शेवई

वकीलसाहेब, शतशः धन्यवाद! दोन जॉब कार्डं आहेत. तिसऱ्या वेळी त्यांनी कार्डच दिलं नाही.

काळा_कोट

मागून घ्या. देत नसतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमुक तारखेला मिक्सर तुमच्याकडे ठेवला' एवढा निरोप टाका. त्यांनी 'ओके' म्हटलं तरी पुरे.

रांगडा_गडी

आमच्या आज्यानं एकाच माणसाला जामीन राहून दीड एकर घालवली. त्यामुळं आमच्या घरात 'गॅरंटर' म्हटलं की म्हातारी अजून कपाळाला हात लावती. तिला वॉरंटी म्हाईत न्हाई, पण गॅरंटी काय असती ते वकिलापेक्षा बरं म्हाईत हाय.

शब्दवेडी

या धाग्यावर यायचं नाही असं ठरवलं होतं, कारण ऑफिसचं काम पडलंय. पण 'दोन वेगळे शब्द की जोडशब्द' या प्रश्नाचं उत्तर फारच मजेदार आहे: तो मुळात एकच शब्द आहे!

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. ते फ्रान्सच्या उत्तरेचे. त्यांच्या बोलीत जुन्या जर्मानिक शब्दांतला 'व' तसाच राहिला होता. पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये त्याच 'व'चा 'ग' झाला होता. इंग्रजांनी आधी नॉर्मनांकडून 'वॉरंटी' उचलला. मग काही शतकांनी, तो आपल्याकडे आहे हे जणू विसरून, 'ग'वाला भाऊसुद्धा आणला. वॉर्डन आणि गार्डियन ही तशीच जोडी. रिवॉर्ड आणि रिगार्डसुद्धा. इंग्रजांचा विल्यम फ्रान्समध्ये गियोम होतो, तो याच कारणाने. म्हणजे वसतिगृहाचा वॉर्डन आणि शाळेच्या फॉर्मवरचा गार्डियन हे एकाच घरातले, एक आधी आलेला आणि एक मागाहून.

आता एकच शब्द दोनदा घरात आला की काय होतं? दोघांना सारखंच काम देऊन भाषेला परवडत नाही. मग वाटणी होते. वॉर्डन दंड करतो, गार्डियन सही करतो. गॅरंटी-वॉरंटीची वाटणी इंग्रजीत नीट झालीच नाही, ती अर्धवट राहिली. तीच आपल्या दुकानदारांनी पूर्ण केली असं म्हणायला हवं.

अर्धा_चहा

म्हणजे मी बरोबर होतो.

शब्दवेडी

नाही. 

खडूफळा

शब्दवेडीताईंचा प्रतिसाद आवडला. तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे एक भर घालतो. एकच शब्द दोनदा घरात येणं आपल्याकडेही मुबलक आहे. संस्कृत 'क्षेत्र' प्राकृताच्या वाटेने झिजत आला तो 'शेत' झाला. मग पंडितांनी तोच शब्द पुन्हा सोवळ्यात आणला, तो तीर्थाचं 'क्षेत्र' झाला. झिजलेला नांगराखाली गेला आणि न झिजलेला देवळात बसला.

याहून बोलकी जोडी म्हणजे 'गर्भिणी' आणि 'गाभण'. शब्द एकच. बाईला गर्भिणी म्हणतात, म्हशीला गाभण. आदलाबदल करून बघा, मार खाल. वर्गात ही जोडी सांगितली की मागच्या बाकावरची मुलं जागी व्हायची.

थेम्सकाठी

मास्तर, गाभणवरून आठवलं. इंग्रजीत हे जनावर आणि ताट यांच्यात झालंय. गोठ्यात राबणारे इंग्रज, त्यामुळे जिवंत जनावराचं नाव इंग्रजी: काऊ, शीप, पिग. जेवायला बसणारे नॉर्मन, त्यामुळे ताटातल्या मांसाचं नाव फ्रेंच: बीफ, मटन, पोर्क. इतकी सरळ वाटणी त्या काळी लगेच झाली असेल असं नाही, पण शब्दांची कुळं मात्र तशीच आहेत.

आणि खिशाला चाट म्हणाल तर मटनचीच. इथे मटन म्हणजे मोठं झालेलं मेंढरू. आल्या आल्या पहिल्याच रविवारी मटन आणलं, कुकरच्या सहा शिट्ट्या केल्या, आणि घरभर मेंढीचा वास. बोकडाचं हवं तर 'गोट' म्हणून मागावं लागतं, आणि साध्या सुपरमार्केटात ते नसतंच. बांगलादेशी किंवा कॅरिबियन वस्तीतल्या खाटकाकडे जायचं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे मग मटण मागायचं नाही का?"

रांगडा_गडी

मटणाला मेंढी म्हणणाऱ्या देशानं आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, ह्येचं वाईट वाटतंय.

संत्रासाल

@रांगडा_गडी हसून हसून पुरेवाट!! बाप्पा, आता सावजीचा विषय काढू नका कोणी, रात्रीचे अकरा वाजलेत.

जर्सीची_काकू

खाण्यावर आलोच आहोत तर लेमन आणि लाइम. आपण शाळेत 'लेमन म्हणजे लिंबू' शिकलो. इथे येऊन लेमन आणलं, तर पिवळं, जाड सालीचं, टोकाला बोंड असलेलं फळ. पोह्यांवर पिळलं तर चव कुणा परक्याच्या घरची. आपलं कागदी लिंबू हे यांच्या लेखी लाइम. माझे पंचवीस वर्षांचे लेमन राइस खरं तर लाइम राइस होते.

तसंच कर्ड. आपल्याकडे कर्ड म्हणजे दही. इथल्या दुकानात चीज कर्ड म्हणजे दूध फाडून काढलेले गोळे. दह्याला योगर्ट म्हणतात. पाककृती लिहिणाऱ्यांनी जरा सांभाळून.

बिनसाखरेचा

बाय द वे, हा धागा मिक्सरवरून सुरू झाला होता ना?

पाटावरची_शेवई

चालू द्या हो, मिक्सर नाहीतरी दुकानातच आहे.

दोन_बीएचके

खिशाला चाट: लीज आणि लायसन्स. ठाण्यात फ्लॅट भाड्याने दिलाय. एजंट म्हणतो लीव्ह अँड लायसन्स, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो भाडेकरार, बायको म्हणते काहीही म्हणा पण अकरा महिन्यांचाच करा, मग नोंदणी लागत नाही. लीव्ह म्हणजे अकरा महिन्यांनी घर सोडायचं, असा माझा समज. बरोबर ना?

काळा_कोट

एका प्रतिसादात तीन चुका, आणि तिन्ही इतक्या लोकप्रिय आहेत की तुम्हाला दोष देत नाही.

लीज, म्हणजे भाडेपट्टा, यात त्या जागेतला हक्कच काही काळापुरता भाडेकरूकडे जातो (मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १०५). लायसन्समध्ये हक्क जात नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते (सुविधाधिकार कायदा, तोही १८८२ चाच, कलम ५२). कागदावर काय नाव घातलंय यापेक्षा आतला व्यवहार काय आहे ते कोर्ट बघतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच ते सांगून ठेवलंय.

नोंदणीचं म्हणाल तर अकरा महिन्यांची युक्ती नोंदणी कायद्यातून आली. तिथे वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची. पण आपण महाराष्ट्रात राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: लीव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाचच. जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वहिनींना हा प्रतिसाद दाखवा. माझं नाव सांगू नका.

आणि लीव्ह म्हणजे सोडणं नव्हे. जुन्या इंग्रजीत लीव्ह म्हणजे परवानगी.

शब्दवेडी

आणि लायसन्स म्हणजेसुद्धा परवानगी! लीव्ह अस्सल इंग्रजी, लायसन्स फ्रेंचमार्गे लॅटिन. म्हणजे 'लीव्ह अँड लायसन्स' हा शुद्ध 'परवानगी-बिरवानगी' आहे.

शेवईताई, तुमचं जोडशब्दाचं निदान इथे अगदी फिट बसतं. इंग्लंडच्या कोर्टात नॉर्मनांनंतर कितीतरी काळ फ्रेंच चालायचं. १३६२ मध्ये कायदा झाला की तोंडी कामकाज इंग्रजीत करा, कारण पक्षकारांना आपल्याबद्दल काय बोललं जातंय तेच कळत नव्हतं. मग दस्त लिहिणाऱ्यांना सवय लागली की एक शब्द इकडचा, एक तिकडचा. विल अँड टेस्टामेंट, गुड्स अँड चॅटल्स, ब्रेकिंग अँड एंटरिंग. लिहिण्याचे पैसे मिळत असतील तर एका शब्दात कोण भागवेल?

खडूफळा

आमच्या 'कागदपत्रां'कडे लक्ष वेधतो. कागद फारसीमार्गे, पत्र संस्कृत. धनदौलत, रीतिरिवाज, बाजारहाट, सगळ्यांत एक पाय इकडे, एक तिकडे. दफ्तरात फारसी, घरात मराठी, आणि दस्त दोघांनाही कळला पाहिजे. तिकडे नॉर्मन, इकडे निजामशाही-आदिलशाही. कारकून सगळीकडचे सारखेच.

आणि 'लीव्ह' म्हणजे परवानगी हे वाचून एक जुनी गोष्ट आठवली. आपली 'रजा'! मूळ अरबी शब्दाचा अर्थ संमती, मर्जी. 'आता रजा घेतो' म्हणजे निघायची परवानगी घेतो. कचेरीत न येण्याची परवानगी तीही रजा. लीव्हचंही नेमकं हेच झालं. शाळेत 'लीव्ह म्हणजे रजा' असं पाठ करताना आम्हाला वाटायचं की हे फक्त भाषांतर. दोघांचा प्रवाससुद्धा सारखा निघाला.

ब्रेकिंग_न्यूजवाला

मास्तर, मग माझ्या बीटवरची जोडी घ्या. पॅरोल आणि फर्लो. प्रत्येक वेळी डेस्कवरून फोन येतो, 'अरे दोन्ही एकच ना?' एकच नाहीत. महाराष्ट्रात यासाठी १९५९ चे नियम आहेत आणि मराठी नावं इंग्रजीपेक्षा स्पष्ट: फर्लो म्हणजे संचित रजा, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. फर्लो ही ठरावीक शिक्षा भोगल्यावर, वर्तणूक बरी असेल तर साठलेल्या रजेसारखी मिळते. खास कारण लागत नाही, आणि ते दिवस शिक्षेत धरतात. पॅरोलला कारण लागतं, घरचं आजारपण, मृत्यू वगैरे, आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. दोन्हींत 'मिळालाच पाहिजे' असा हक्क नाही.

हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा सलाम. पॅरोल हा फ्रेंच शब्द, अर्थ 'दिलेला शब्द'. म्हणून अभिवचन!

शब्दवेडी

आणि फर्लो डच भाषेतून आलाय. त्यातला मुख्य तुकडा हा वरच्या 'लीव्ह'चाच चुलतभाऊ. म्हणजे फर्लो हीसुद्धा रजाच. मला आता खरंच काम करायचंय.

ब्रेकिंग_न्यूजवाला

जाता जाता आणखी एक. इंग्रजी पेपरवाले थेफ्ट, रॉबरी, बर्गलरी कसंही फिरवतात. मराठी पोलीस ठाण्यात मात्र शब्द पक्के आहेत. नकळत नेलं तर चोरी. घर फोडून नेलं तर घरफोडी. धाक किंवा मार देऊन नेलं तर जबरी चोरी. आणि त्यासाठी पाच किंवा जास्त माणसं एकत्र आली तर दरोडा. पूर्वी दंड संहितेचं कलम ३९१ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३१० आहे. आकडा पाचचाच. चौघं असतील तर जबरी चोरी, पाचवा आला की दरोडा.

रांगडा_गडी

म्हंजी पाचव्यानं घरी बसावं.

भोपळ्याची_बी

हसतखेळत चाललंय त्यात माझं थोडं गंभीर. जोडी आहे नॉमिनी आणि लीगल एअर, म्हणजे कायदेशीर वारस.

बाबा गेले तेव्हा एका मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून माझ्या धाकट्या भावाचं नाव होतं. बाबांनी का घातलं, तर त्या दिवशी तो त्यांच्याबरोबर बँकेत गेला होता म्हणून. बँकेने पैसे त्याच्या खात्यात टाकले. भाऊ म्हणाला, बाबांनी मला दिलेत. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. बँकेतल्या माणसानेही त्याला 'आता तुमचेच आहेत' असं सांगितलं होतं. आई त्या वेळी काहीच बोलली नाही. आम्ही दोघं दीड वर्ष एकमेकांच्या घरी गेलो नाही.

शेवटी आमच्या मामांनी एका ओळखीच्या वकिलाकडे दोघांनाही नेलं. त्यांनी सांगितलं की नॉमिनी म्हणजे पैसे ज्याच्या हातात द्यायचे तो. ते कुणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. भाऊ बाहेर येऊन पायरीवर बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी पोस्टमन होतो." मग आम्ही तिघांत वाटणी केली. आता येणंजाणं आहे. पण त्या दीड वर्षात भाचीचं बारसं झालं आणि मी नव्हते.

काळा_कोट

@भोपळ्याची_बी तुमच्या मामांचे आभार मानायला हवेत. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात हेच सांगितलं, आणि २०२३ मध्ये शेअर्सबाबतही तेच. एक अपवाद लक्षात ठेवा: विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये २०१५ ला दुरुस्ती झाली. आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर त्यांचा त्या रकमेवर लाभाचा हक्क मानला जातो. तोही शेवटचा शब्द समजू नका, त्याच्या अर्थावरून अजून वाद घालता येतो. त्यामुळे नॉमिनेशन करा आणि मृत्युपत्रही करा.

सांडगी_मिरची

@भोपळ्याची_बी, तुमच्यासाठी चहा.

आमच्याकडे सासरे 'मृत्युपत्र' शब्द ऐकला की उठून जायचे. नणंदेने 'इच्छापत्र' म्हटल्यावर निमूटपणे सही केली. कागद तोच, मजकूर तोच.

टेकडीवरचा

आता थोडं वाकडं बोलतो. हे सगळं आपण का शिकायचं? नॉमिनी, वॉरंटी, लायसन्स. ज्याच्यावर सही करायची तो कागदच मराठीत असेल तर फरक आपोआप कळेल. 'अभिवचन रजा' वाचून कळलं की नाही? मग मिक्सरच्या कार्डावर का नको?

अर्धा_चहा

मराठीत दोन्हींना 'हमी'च म्हणतात. झाला का फरक?

खडूफळा

अर्धा_चहा यांनी पहिल्यांदाच नेमकी गोष्ट सांगितली. हमी एकच आहे. पण आपण ती कुठे वापरतो बघा: रोजगार हमी, हमीभाव. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर भत्ता. तिथे हमी या शब्दाला दात होते. मिक्सरच्या कार्डावर तोच शब्द छापला तर दात आपोआप येत नाहीत. तेव्हा टेकडीवरचे म्हणतात ते अर्धं मान्य. भाषा मराठी हवीच, पण 'हमी' लिहून खाली बारीक टायपात 'जार, पाती, कपलर व मोटार वगळून' लिहिलं तर काय करणार?

बिनसाखरेचा

रोजगार हमीऐवजी रोजगार वॉरंटी असती तर सरकारने जुनीच नोकरी दुरुस्त करून दिली असती.

सांडगी_मिरची

हा चांगला होता. लग्नाचा माफ.

पाटावरची_शेवई

मंडळी, उशीर झाला, दिवाळीच्या फराळात अडकले होते. (चकलीची भाजणी शेजारच्या काकूंच्या मिक्सरवर. त्यांच्या मिक्सरला सव्वीस वर्षं झाली. कार्ड कधीच हरवलंय.)

१९१५ ला फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला. बारा दिवसांनी कंपनीकडून फोन आला, अगदी गोड आवाजात. मग दुकानदाराचा आला, तो तितका गोड नव्हता. मिक्सर बदलून मिळाला! नव्या कार्डावर वॉरंटी आधीच्याच तारखेपासून मोजलीय, म्हणजे पाडव्यापासून. वकीलसाहेब, हे बरोबर आहे का, असं विचारणार होते, पण आता दमले.

खडूफळा सर म्हणाले तशी बारीक टायपातली ओळ शोधली. जार, पाती आणि रबर वगळलेत. मोटार नाही वगळली.

आणि दुकानातून निघताना त्याला विचारलं, "आता या नव्यावर काय आहे, गॅरंटी की वॉरंटी?" तर म्हणाला, "ताई, दोन्ही आहे, सगळं आहे."

काळा_कोट

अभिनंदन! तारखेचं तपासून सांगतो. कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो व्यक्तिगत निरोपाने पाठवा.

रांगडा_गडी

ताई, पयल्यांदा त्यात वाटलं काय?

पाटावरची_शेवई

लसणाची चटणी. धूर आला नाही.

नवा_कोरा

नमस्कार, इथे नवीन आहे. सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण उत्तर सोपं आहे. गॅरंटी म्हणजे बदलून आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्ती.

अर्धा_चहा

+१